ज्येष्ठ आणि दिव्यांग यांच्यासाठी सुरक्षित न्हाणीघर : परतवाडा परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

न्हाणीघर आणि संडास या बहुधा घरातील सर्वांत लहान खोल्या असतात. घर बांधताना देवघर, स्वयंपाकघर आणि बैठक यांचा विचार आधी होतो व उरलेल्या जागेत न्हाणी बसविली जाते. घरातील माणसे धडधाकट आहेत तोवर त्यात काही उणे वाटत नाही. परंतु वय सत्तरीकडे झुकले, गुडघे दुखू लागले, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला किंवा खुब्याचे हाड मोडले, की तीच लहान खोली घरातील सर्वांत धोक्याची जागा ठरते. ओली फरशी, साबणाचा फेस, वाकून उचलावी लागणारी बादली, उंच उंबरठा आणि आतून लावलेली कडी या पाच गोष्टी एकाच ठिकाणी येतात, तेव्हा अपघाताला फारसे निमित्त लागत नाही.

या लेखात आम्ही न्हाणीघर आणि संडास ज्येष्ठांना व दिव्यांगांना सुरक्षितपणे, आणि शक्यतो कोणाच्या मदतीवाचून, वापरता यावेत यासाठी काय करता येते याची माहिती एकत्र देत आहोत. परतवाडा, अचलपूर आणि चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या गावांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. तरी वऱ्हाडातील इतर वाचकांनाही ती उपयोगी पडेल असे वाटते.

प्रश्न किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. त्यांत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. अमेरिकेत २००८ या एका वर्षात न्हाणीघरातील दुखापतींमुळे तातडीच्या उपचार कक्षात आणलेल्या १५ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे २ लाख ३४ हजार होती. त्यांपैकी ८१ टक्के दुखापती पडण्यामुळे झाल्या होत्या आणि एक तृतीयांशाहून अधिक दुखापती आंघोळ करताना किंवा आंघोळ करून बाहेर पडताना झाल्या होत्या. वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते, हेही त्या पाहणीत दिसून आले.

आकड्यांत न दिसणारे नुकसान याहून मोठे आहे. पडण्याची भीती बसलेली वृद्ध व्यक्ती हळूहळू आंघोळ टाळू लागते. संडासाला वारंवार जावे लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाणी कमी पिणे जिवावर बेतू शकते. शिवाय, ज्या आजीने आयुष्यभर स्वतःची आंघोळ स्वतः केली तिला सुनेच्या किंवा मुलाच्या हातून न्हाऊ घालून घ्यावे लागते तेव्हा तिच्या मनाला होणारा संकोच शब्दांत सांगता येत नाही. म्हणून चांगल्या न्हाणीघराची कसोटी दुहेरी आहे. त्यात माणूस पडू नये, आणि होईल तितके दिवस त्याला स्वतःचे स्वतः करता यावे.

आपल्याकडील घरे आणि त्यांतील अडचणी

परतवाडा हे मुळात अचलपूरजवळच्या इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वाढलेले गाव. त्यामुळे येथे जुन्या कौलारू घरांपासून नव्या सदनिकांपर्यंत सर्व प्रकारची घरे आढळतात. त्यांतील न्हाणी साधारणपणे तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार जुन्या वाड्याचा. न्हाणी परसात असते, तिच्यापर्यंत जाण्यासाठी दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात, बसायला दगड किंवा पाट असतो आणि संडास आणखी दूर असतो. रात्री किंवा पावसात हे अंतर वृद्धांना फार जड जाते.

दुसरा प्रकार घरकुलाचा किंवा लहान पक्क्या घराचा. येथे स्वच्छ भारत अभियानाच्या काळात, म्हणजे २०१४ नंतर, शौचालय बांधले गेले. खोली अतिशय अरुंद, दार जेमतेम दोन फूट रुंद, आत बसायचे भारतीय पद्धतीचे भांडे आणि बाहेर उंच पायरी, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते.

तिसरा प्रकार नव्या सदनिकेचा. तेथे कमोड असतो, शॉवर असतो, पण फरशी गुळगुळीत चकाकणारी असते आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात उंच पट्टी बसविलेली असते.

ज्या अमरावती जिल्ह्याने गाडगेबाबांसारखा स्वच्छतेचा उपासक महाराष्ट्राला दिला त्या जिल्ह्यात शौचालयाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. आता पुढचा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. घरात शौचालय आहे, पण घरातील आजीला ते वापरता येते काय?

दार आणि उंबरठा

नव्याने बांधकाम करीत असाल तर न्हाणीच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट ठेवावी. चाकांची खुर्ची किंवा वॉकर यांना तेवढी जागा लागते. जुन्या घरात भिंत फोडणे शक्य नसेल तर चौकट तीच ठेवून दार काढावे आणि जाड पडदा किंवा सरकते दार लावावे. एवढ्यानेही काही इंच जागा मिळते.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याचेच शरीर दाराला अडसर होते आणि मदत करणाऱ्यांना आत शिरता येत नाही. आतील कडी काढून टाकावी, किंवा बाहेरून नाण्याने वा किल्लीने उघडता येईल अशी कडी बसवावी. घरात समजूतदारपणा असेल तर दारावर 'आत कोणी आहे' अशी पाटी लटकविणेही पुरेसे होते.

उंबरठा शक्यतो काढून टाकावा. पाणी अडविण्यासाठी उंबरठ्याऐवजी फरशीला आतल्या बाजूस, जाळीकडे, हलका उतार द्यावा. ५० सेंटिमीटर अंतरात एक सेंटिमीटर इतका उतार पुरतो. त्याहून अधिक उतार दिल्यास उभे राहताना तोल जातो. उंबरठा काढता येत नसेल तर उताराची फळी करावी. तिचे प्रमाण एकास बारा असते. पाच सेंटिमीटर उंचीच्या उंबरठ्यासाठी ६० सेंटिमीटर लांबीचा उतार, आणि १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा.

फरशी

पॉलिश केलेली ग्रॅनाइट, संगमरवर आणि चकाकणाऱ्या टाइल्स न्हाणीत लावू नयेत. खरबरीत पृष्ठभागाच्या, मॅट किंवा अँटिस्किड टाइल्स दुकानात सहज मिळतात. त्या विकत घेताना टाइलवर पाणी टाकून ओल्या तळहाताने घासून पाहावे. हात सहज घसरला तर पायही घसरेल. आपल्याकडील साध्या, पॉलिश न केलेल्या शहाबादी फरशीवर पाय बऱ्यापैकी टिकतो, मात्र तिच्यावर शेवाळ आणि साबणाचा थर साचू देऊ नये. आठवड्यातून एकदा ताठ खराट्याने किंवा ब्रशने फरशी घासणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

लहान टाइल्स मोठ्या टाइल्सपेक्षा बऱ्या, कारण त्यांच्यामधील सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. सुटे पायपुसणे आणि गोणपाट दारात टाकू नयेत. त्यांच्या कडेत पाय अडकतो. रबरी चटई वापरायची असेल तर खालून फरशीला घट्ट चिकटणारी घ्यावी आणि ती रोज उचलून वाळवावी.

आधारदांडी

घसरताना माणूस हाताला लागेल ते धरतो. बहुतेक न्हाण्यांत हाताला लागतात ते नळ, टॉवेलची दांडी किंवा बेसिन. यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली नसते. म्हणून वेगळी आधारदांडी हवी. दुकानात ती ग्रॅब बार या नावाने मिळते.

दांडीची जाडी तळहातात मावेल इतकी, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असावी. दांडी आणि भिंत यांच्यात ५० मिलिमीटर अंतर असावे. त्याहून जास्त अंतर ठेवले तर हात आत घसरून मनगट अडकू शकते. बसण्याच्या जागेच्या बाजूला आडवी दांडी आसनापासून सुमारे २० सेंटिमीटर उंच, म्हणजे जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर बसवावी. उठण्यासाठी उभी दांडी, आणि दारातून आत येताना धरण्यासाठी आणखी एक दांडी, अशी एकूण तीन दांड्यांची व्यवस्था बहुतेक घरांना पुरते.

दांडी कशात बसविली आहे हे तिच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्ट वापरावेत. नुसत्या टाइलमध्ये किंवा प्लास्टरमध्ये लावलेले स्क्रू उपटून येतात. मातीची किंवा कुडाची भिंत असेल तर भिंतीवर विसंबू नये. जमिनीत खड्डा करून काँक्रीटमध्ये लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा रोवावा व त्याला आडवा पाइप जोडावा. एक इंची पाइपची बाहेरील जाडी सुमारे ३४ मिलिमीटर असते, त्यामुळे तो हाताला बरा बसतो. बसविल्यानंतर घरातील सर्वांत वजनदार माणसाने दांडीला लोंबकळून ती पारखावी. रबरी वाटीने टाइलला चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात, पण त्या केव्हा सुटतील याचा नेम नसतो. त्यांच्यावर जीव सोपवू नये.

बसून आंघोळ

उतारवयात उभ्याने आंघोळ करू नये आणि जमिनीलगतच्या पाटावर बसूनही करू नये. उभ्याने तोल जातो, आणि पाटावरून उठताना गुडघ्यांवर सारा भार येतो. आसनाची योग्य उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर. चाकांच्या खुर्चीची बैठकही साधारण याच उंचीची असते, त्यामुळे एका आसनावरून दुसऱ्यावर सरकणे सोपे जाते.

पाठ आणि हात असलेली, पायांना रबरी बूच लावलेली प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची आंघोळीची खुर्ची मिळते. घरातील हलकी प्लास्टिकची खुर्ची मात्र वापरू नये, कारण ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. परतवाडा हे मेळघाटच्या सागवानाच्या व्यापारासाठी ओळखले जाते आणि येथे चांगल्या सुतारांची उणीव नाही. सागाच्या पट्ट्यांचे, पाणी निथळून जाईल असे, रुंद पायांचे आसन सुतार सहज करून देऊ शकतो. त्याच्या कडा गोल करून घ्याव्यात आणि पायांना रबर लावून घ्यावे.

बसण्याची उंची वाढविली की बादलीची उंचीही वाढवावी लागते. हे न केल्यास खुर्चीवर बसलेला माणूस जमिनीवरच्या बादलीकडे वाकतो आणि पुढे कोसळतो. बादली भक्कम चौरंगावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर, आसनाच्या उंचीला ठेवावी. नळही त्याप्रमाणे वर घ्यावा. भरलेल्या वीस लिटर बादलीत वीस किलो पाणी असते. ती वृद्धांनी उचलू नये, सरकवूही नये. अर्ध्या लिटरचा हलका मग किंवा तांब्या वापरावा.

घरात टाकीचे पाणी पुरेशा दाबाने येत असेल तर हातात धरण्याचा शॉवर सर्वांत सोयीचा. त्याची नळी दीड मीटर लांब असावी आणि तो अडकविण्याची खुंटी बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, जमिनीपासून एक ते सव्वा मीटरवर असावी. साबण जाळीच्या पिशवीत घालून दोरीने खुंटीला बांधावा. खाली पडलेला साबण शोधण्यासाठी वाकणे हे पडण्याचे एक नित्याचे कारण आहे.

संडास

भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवे बसणे ज्यांना जमते त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही. मात्र समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर उठण्यासाठी दांडी अवश्य लावावी. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी भांडे फोडून कमोड बसविणे हाच एक मार्ग नव्हे. मध्ये भोक असलेली लोखंडी किंवा स्टीलची घोडी भारतीय भांड्यावर ठेवता येते. घरातील इतर माणसे ती बाजूला काढून पूर्वीप्रमाणेच भांडे वापरू शकतात. केंद्र शासनाच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५ मध्ये दिव्यांगांच्या घरगुती शौचालयाविषयी एक पुस्तिका काढली होती. तीत अशाच साध्या आणि स्थानिक साहित्यातून करता येण्याजोग्या उपायांवर भर होता.

कमोड बसवायचा असेल तर आसनाची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर ठेवावी. बाजारातील पुष्कळ कमोड यापेक्षा बुटके असतात, त्यांच्याखाली सिमेंटचा थर देऊन ते उचलून घेता येतात. पाण्याचा फवारा, मग आणि नळ हे सर्व बसल्याजागी हाताला यावेत. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडली असेल तर नळ आणि दांडी चांगल्या हाताच्या बाजूला असावी. गवंड्याला काम सांगण्यापूर्वी हे आवर्जून पाहावे.

संडास परसात असेल तर रात्रीपुरती बिछान्याजवळ कमोड खुर्ची किंवा भांडे ठेवावे. यात कमीपणा मानू नये. ज्येष्ठ पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी, कारण झोपेतून उठल्यावर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येण्याचा संभव असतो.

पाण्याची उष्णता

थंडीत सातपुड्याच्या पायथ्याशी कढत पाण्याची आंघोळ सर्वांनाच प्रिय. परंतु वृद्धांची त्वचा पातळ असते. ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी काही सेकंदांत गंभीर भाजू शकते, तर ५० अंशांना काही मिनिटे लागतात. अंगावर घेण्याचे पाणी ३८ ते ४० अंशांचे असावे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग त्यात गरम मिसळावे, हा क्रम घरातील सर्वांनी पाळावा. गिझरची कळ ५० अंशांच्या आसपास ठेवावी. फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उठताना घेरी येते. म्हणून आंघोळ झाल्यावर पाच मिनिटे तेथेच बसून अंग पुसावे, मग उठावे.

चूल किंवा बंब न्हाणीच्या आत पेटवू नये. गॅसचा गिझरही बंद न्हाणीत बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. विजेची पाणी तापविण्याची सळई बादलीत असेपर्यंत न्हाणीत कोणासही जाऊ देऊ नये. सळई बंद करून, प्लग काढून, बाहेर आणल्यावरच वृद्धांना आत पाठवावे. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा गळती प्रवाह खंडित करणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

हातापायांची संवेदना गेलेल्यांसाठी

परतवाड्याजवळ कोठारा येथे द लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. या परिसरातील अनेक कुटुंबांना कुष्ठरोगाची आणि त्यातून बऱ्या झालेल्या माणसांची ओळख आहे. औषधोपचाराने रोग बरा होतो, पण मज्जातंतूंना आधीच झालेली इजा पुष्कळदा कायम राहते. बोटे वाकडी होतात, पाऊल लुळे पडते आणि तळहात-तळपायांना उष्ण-थंड कळेनासे होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४६ नंतर केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले, की अशा रुग्णांच्या बोटांची झीज बव्हंशी वेदना न जाणवल्याने झालेल्या जखमा आणि भाजणे यांतून होते. ज्याला चटका जाणवत नाही तो हात काढून घेत नाही.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेक ज्येष्ठांच्या पायांची हीच अवस्था असते. या सर्वांसाठी न्हाणीघरात काही विशेष काळजी घ्यावी लागते.

पाण्याची उष्णता संवेदना नसलेल्या हाताने पाहू नये. ती घरातील दुसऱ्या माणसाने किंवा संवेदना शाबूत असलेल्या कोपराने पाहावी. फिरवायच्या गोल चावीचे नळ काढून लांब दांडीचे, बंद मुठीने किंवा मनगटाने ढकलता येणारे नळ बसवावेत. मगाच्या मुठीला कापड किंवा रबरी नळी गुंडाळून ती जाड करावी. साबण हातात धरवत नसेल तर कापडाची पिशवी शिवून हातात मोज्याप्रमाणे घालावी आणि त्यात साबण ठेवावा. न्हाणीतही अनवाणी चालू नये. खरबरीत फरशीने तळवा सोलला तरी कळत नाही, म्हणून रबरी, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि छोट्या आरशात रोज तळवे पाहावेत. जखम, फोड किंवा लाली दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दिवा आणि हाक

दृष्टी मंदावलेल्यांना पांढऱ्या भिंतीवर पांढरी दांडी दिसत नाही. दांडी, आसनाची कड आणि उंबरठा यांना भिंतीहून वेगळा, गडद रंग द्यावा. दिव्याचे बटण बाहेर, दारापाशी, छातीच्या उंचीवर असावे. बिछान्यापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा जळत राहावा.

न्हाणीत हाक मारण्याची सोय असावी. त्यासाठी विजेची घंटाच हवी असे नाही. सायकलची घंटा किंवा दोरीला बांधलेली घंटी चालते. दोरी जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंत खाली लोंबती ठेवावी, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर पोहोचतो.

चाकांच्या खुर्चीसाठी जागा

चाकांची खुर्ची जागच्या जागी वळविण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. नवे घर बांधताना न्हाणी आणि संडास एकत्र करून सुमारे दोन मीटर बाय सव्वादोन मीटरची खोली काढली तर हे साधते. बेसिनखाली कपाट करू नये, गुडघे आत जाण्यासाठी ७० सेंटिमीटर उंचीची पोकळी ठेवावी. ही मापे भारतात सुगम्यतेसाठी जी मार्गदर्शक मानके २०१६ मध्ये आणि सुधारून २०२१ मध्ये काढण्यात आली त्यांच्याशी सुसंगत आहेत. आज घरात चाकांची खुर्ची नसली तरी घर बांधतानाच एवढी जागा राखून ठेवणे शहाणपणाचे. नंतर भिंत पाडण्याचा खर्च अनेक पटींनी होतो.

ही गरज केवळ वृद्धांची नाही. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दिव्यांग मुले मोठी होतात आणि त्यांना आयुष्यभर न्हाणीघर लागते, हे या परिसराला वेगळे सांगायला नको.

मदत करणाऱ्यांसाठी

जेथे मदतीवाचून भागत नाही तेथे ती कशी द्यावी यालाही महत्त्व आहे. आंघोळीपूर्वी कपडे, टॉवेल, पाणी सर्व आत ठेवावे, म्हणजे वृद्धाला ओले व उघडे बसवून बाहेर धावावे लागत नाही. अंगावर पातळ सुती कापड ठेवून एकेक भाग धुवावा. जो भाग त्यांना स्वतः धुता येतो तो त्यांनाच धुऊ द्यावा, वेळ लागला तरी चालेल. काय करणार आहोत ते आधी सांगावे आणि विचारावे. आजीसाठी स्त्री आणि आजोबांसाठी पुरुष मदतीस असावा, हे शक्य तेथे पाळावे. उचलताना काखेत हात घालून ओढू नये. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरावे. यात मदत करणाऱ्याची पाठही वाचते.

चर्चचे आवार आणि सभागृह

आजारी व वृद्ध धर्मग्रामस्थांना घरी कम्युनियन देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. परंतु जे ज्येष्ठ अजून चालू-फिरू शकतात ते मिस्साला येणे का सोडतात, हेही पाहावयास हवे. अनेकदा कारण एवढेच असते, की तास-दीड तासात लघवीला जावे लागते आणि आवारातील शौचालय त्यांना वापरता येत नाही. लाजेपोटी हे कारण कोणी बोलून दाखवीत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे तीत शासकीय आणि खासगी दोन्ही इमारती येतात, आणि धार्मिक कारणासाठी लोक जेथे येतात त्या इमारतींचाही तीत स्पष्ट उल्लेख आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असावेत असा निर्णय दिला. कायद्याचे बंधन बाजूला ठेवले तरी प्रत्येक धर्मग्रामाच्या आवारात उंबरठा नसलेले, दोन दांड्यांचे, बाहेर उघडणाऱ्या दाराचे एक शौचालय असणे अवघड नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा आणि ज्येष्ठांसाठीचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी असतो. त्या दिवशी ज्येष्ठांना पुष्पगुच्छ देण्याबरोबर धर्मग्राम मंडळाने आवारातील शौचालय एखाद्या आजींच्या सोबत जाऊन पाहावे, अशी आमची सूचना आहे.

शासकीय साहाय्य

राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केली. तीत कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची इत्यादी साधने दिली जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तींना साहाय्यभूत साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तीत तरतूद आहे, आणि साधनांच्या यादीत कमोड खुर्चीचाही समावेश आहे. अर्जाची सद्यःस्थिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावी. दिव्यांगांनी प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र आधी काढून घ्यावे, कारण बहुतेक योजनांत ते लागते.

जपानमध्ये २००० सालापासून लागू असलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून घरातील अशा बदलांसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाचा मोठा भाग मिळतो. तेथील यादीत दांड्या बसविणे, उंबरठे काढणे, न घसरणारी फरशी, सरकते दार आणि कमोड यांचा समावेश आहे. आपल्या घरांची गरज याहून वेगळी नाही.

सुरुवात कोठून करावी?

सर्व बदल एकदम करणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नसते. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. याच आठवड्यात, विनाखर्च : फरशी घासून घ्यावी, सुटी पायपुसणी काढावीत, आतील कडी लावणे बंद करावे, बादली उंचावर ठेवावी, आधी थंड मग गरम पाणी हा क्रम ठरवावा.

२. या महिन्यात, थोड्या खर्चात : भक्कम आसन, हाक मारण्याची घंटी, रात्रीचा दिवा आणि किमान एक आधारदांडी.

३. पुढील दुरुस्तीच्या वेळी : दार बाहेर उघडणारे करणे, उंबरठा काढणे, लांब दांडीचे नळ, हातातील शॉवर, कमोड किंवा घोडी.

४. नवे बांधकाम करताना : रुंद दार, खरबरीत फरशी, चाकांच्या खुर्चीला पुरेल एवढी खोली.

काम सुरू करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते करायचे त्या व्यक्तीला न्हाणीत खुर्चीवर बसवावे, हात लांब करायला सांगावे आणि हात जेथे पोहोचतो तेथे भिंतीवर खडूने खूण करावी. दांडी कोठे, नळ कोठे, मग कोठे, हे त्या खुणा सांगतील. या लेखात दिलेली मापे सर्वसाधारण आहेत. आपल्या घरातील आजी-आजोबांची उंची, त्यांचा दुखरा गुडघा आणि त्यांचा चांगला हात यांचे माप त्याहून अधिक खरे असते, आणि गवंड्याला तेच द्यावे.